पेन्सिलीतली एक नोंद

माझी मुलगी औषधाच्या खोक्यातला कागद वाचते. घड्यांवर घड्या घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा तो कागद, जो तुम्ही-आम्ही खोकं उघडल्याबरोबर टाकून देतो. असे कागद छापणाऱ्या एका छापखान्यात ते तपासायचं काम तिच्याकडे आहे. एकदा ती कागद सुलटा वाचते, मग शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटा वाचते. उलटं वाचताना अर्थ मध्ये येत नाही, त्यामुळे चूक लपू शकत नाही, असं तिचं म्हणणं. नऊ वर्षं हेच काम केल्यावर माणूस जसा होईल तशी ती झाली आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर काही बोलत नाही, पण काल सांगितलेली गोष्ट मी आज थोडी फिरवून सांगितली तर ताटातून मान वर करते.

घरी तिला सुई म्हणतात. ते नाव तिच्या बाबांनी ठेवलं. ती चार वर्षांची असताना माझ्या हातून शिवणाची सुई गादीवर पडली. आम्ही दोघं गुडघे टेकून शोधतोय, आणि ही दारात उभी राहून म्हणते, "ती काय, बाबांच्या पायजम्याला." आज ती एकतीस वर्षांची आहे, उंच आणि बारीक. नाव बदलायची वेळ आली नाही.

छापखान्यातला एक नियम आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अडकलं. प्रत्येक कागद दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तपासायचा आणि सापडलेल्या चुकांची यादी करायची. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. याद्या थोड्याफार वेगळ्या निघाल्या तर काम चोख, कारण दोन माणसांची नजर सारखी नसते. पण त्या तंतोतंत सारख्या निघाल्या, एकाने चूक नसताना दाखवलेली चूकसुद्धा दुसऱ्याच्या यादीत तशीच उतरली, तर समजायचं की दुसऱ्याने कागद वाचलेलाच नाही. सुई म्हणते, खोटं बोलणारा माणूस फार अचूक असतो.

आता पंपवाला. वीसेक वर्षांपूर्वी एक विनोदी गायक नावारूपाला आला होता. सायकलमध्ये हवा भरायच्या पंपांना शिट्ट्या लावून तो ते वाजवायचा. सात पंप एका चौकटीत उभे, मधे हा, दोन हातांनी, दोन पायांनी आणि मधूनच कोपराने दाबतोय, आणि चेहरा मात्र टपाल कचेरीतल्या कारकुनासारखा गंभीर. गाणी कशावर, तर हरवलेल्या मोज्यावर आणि शेजाऱ्याच्या शिंकेवर. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं लिफ्टचं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे बंद पडते, आत एक तो आणि एक ती. पहिल्या कडव्यात प्रेम जमतं, तिसऱ्यात भांडण होतं, आणि लिफ्ट चालू होते तेव्हा आपल्याला कुठल्या मजल्यावर जायचं होतं हे दोघांनाही आठवत नाही. मी त्या काळात पुष्कळ हसले आहे त्या गाण्याला. मग तो मागे पडला, पण लोकांच्या बोलण्यातून पुसला गेला नाही. आजही एखाद्या प्रश्नमंजूषेत, मालिकेत, बातम्यांच्या शेवटच्या हलक्याफुलक्या तुकड्यात त्याचं नाव निसटतं आणि निघून जातं.

सुईच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती बावीस वर्षांची होती, छापखान्यात लागून तीन महिने झाले होते. बाबांची वाचा गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उचलता यायचं. दिवसभर समोर टीव्ही चालू असायचा. एकदा 'दहा सेकंद' नावाच्या खेळात एक स्पर्धक उत्तर द्यायला फार वेळ लावत होता. सूत्रसंचालक त्याला म्हणाला, "काय हो, पंपवाल्याच्या लिफ्टमध्ये अडकलात का?" आणि बाबांचं बोट वर गेलं. तोंडाची एक बाजू हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सुईने छापखान्यातल्या रद्दी कागदांची बांधलेली एक जाड वही आणली. दोघांचा उद्योग सुरू झाला. कुठे पंपवाल्याचं नाव आलं की ती पेन्सिलीने लिहायची आणि बाबांकडे बघायची. त्यांचं बोट उठलं की तीच ओळ शाईने गिरवायची. नाही उठलं तर पेन्सिलीतच ठेवायची. ते गेले तेव्हा वहीत एकशे चाळीस ओळी होत्या, आणि त्यांतल्या अकरा पेन्सिलीत. त्या अकरा अजून तशाच आहेत. तिने त्यांना हात लावलेला नाही.

मला वाटलं होतं, बाबांबरोबर वही मिटेल. तसं झालं नाही. तिला कळलं की असा उद्योग करणारे आणखीही आहेत, गावोगाव विखुरलेले पन्नास-साठ जण. फोनवर त्यांचा एक गट आहे. नाव सापडलं की ते त्याला 'फुस्स' म्हणतात, पंपातून हवा सुटल्यासारखं. "आज एक फुस्स मिळाली, सकाळच्या बातम्यांत." सुई त्या गटात शिरली आणि वर्षभरात त्यांच्या नोंदीही तिच्याच वहीत उतरू लागल्या. छापखान्याचे नियम तिने तिथे लावले. एका फुस्सला दोन साक्षीदार हवेत. दोघं एका घरातले नकोत, एका घरातले दोन म्हणजे एकच. आणि प्रत्येकाने एक गोष्ट लिहायचीच: नाव उच्चारलं त्या क्षणी बोलणाऱ्याचे हात काय करत होते. शब्द कुणीही रचू शकतं, ती म्हणाली, पण हात बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत. वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे, वर लिहिलंय 'हात'.

माझी धाकटी बहीण एकदा फोनवर म्हणाली, "अगं, तो गाणारा तरी जिवंत आहे का?"

"आहे."

"मग त्यालाच विचारा ना, बाबा रे, तुझं नाव कुठे कुठे आलं."

"त्याला कुठे माहीत असतं."

"म्हणजे त्याला माहीत नाही, तुम्हाला उपयोग नाही. आणि पोरगी एकतीस वर्षांची. चांगलं चाललंय तुमचं."

संध्याकाळी सहाला सुई कामावरून येते, हातपाय धुते, वही मांडीवर घेते आणि टीव्ही लावते. मी शेजारी बसते. सात वर्षं आमच्या संध्याकाळी अशा गेल्या. खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे पडदा ओढला काय आणि नाही काय. मला कधीकधी गुदमरल्यासारखं व्हायचं. तिला होतं का, हे विचारायची मला भीती वाटायची. होतं म्हणाली असती तर मी काय करणार होते?

त्या गटात एक घड्याळजी आहे. रात्रभराच्या प्रवासावरच्या एका शहरात त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, तिशी ओलांडलेला, एकटा. त्याच्याशी सुई सहा वर्षं दर शनिवारी बोलते. त्याची एक गंमत अशी की टीव्ही त्याच्या पाठीमागे असतो आणि समोरच्या भिंतीवर एक मोठं काचेचं घड्याळ. काम करता करता तो त्या काचेत टीव्ही बघतो. त्यामुळे त्याच्या 'हात' रकान्यात डावा नेहमी उजवा असतो आणि उजवा डावा. सुई समासात एक छोटा बाण काढून ते उलटवून घेते.

"जरा मान वळवली तर बिघडेल का?" ती त्याला म्हणायची.

पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू यायचा. "मान वळवली की हातातला स्क्रू पडतो. आणि पडला की तुझ्यासारखी सुई लागते शोधायला."

ती हसायची. तशी ती एरवी हसत नाही. मी स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवायचे.

यंदा सात महिने एकही फुस्स सापडली नाही. जग पंपवाल्याला विसरत चाललं असावं. सुई गप्प झाली. रोज वही उघडायची, तारीख घालायची, काही न लिहिता मिटायची. एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना माझ्या मनात आलं, एखादी फुस्स मिळाली तर बरं होईल. आणि मग मनात आलं, ती देणं काय अवघड आहे. फोनवर गटाचं एक उघडं पान आहे, तिथे बाहेरचं कुणीही निरोप पाठवू शकतं. नाव विचारलं तेव्हा मी लिहिलं 'गॅलरी'. कार्यक्रम: दहा सेकंद. वार: बुधवार, दुपारचा भाग. एक परिचारिका स्पर्धक होती, तिला विचारलं की निवांतपणा मिळाला तर काय कराल, ती म्हणाली, पंपवाल्याच्या लिफ्टमध्ये जाऊन झोपेन. हे वाक्य सुचल्यावर मी एकटीच हसले. 'हात' रकान्याशी अडले. मग सुईच्या बाबांच्या खाटेशेजारी बसून पाहिलेला तो खेळ आठवला आणि लिहिलं, सूत्रसंचालक डाव्या हाताने टेबलावरची घंटा दाबत होता.

त्या संध्याकाळी सुईचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, दिवा लागावा तसा. तिने पेन्सिलीने ओळ लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"घंटा कशी काय?" ती म्हणाली. "आता घंटा नसते."

"नसते?"

"जुना भाग परत दाखवला असेल. शोधावा लागेल कुठला ते."

आठ दिवसांनी पत्र आलं. छापखान्याची नवी शाखा निघते आहे, तपासणी विभागाची प्रमुख म्हणून या. जागा त्याच शहरात, जिथे घड्याळजीचं दुकान आहे. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं. पत्र तिने मला दिलं आणि पाणी प्यायला गेली. मी दोनदा वाचलं, एकदा सुलटं आणि एकदा, देव जाणे का, शेवटाकडून.

"जाशील?" मी विचारलं.

"जावंसं वाटतंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तू एकटी राहशील?"

"न राहायला काय झालं. मी काय लहान आहे."

"तिथे मला वही सांभाळायला वेळ मिळायचा नाही. गटातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन जाईन. पण पेन्सिलीतलं काही मागे ठेवून नाही जायचं मला. बाबांच्या अकरा सोडून. ही परिचारिकेची ओळ एकदा शाईत गेली की उत्तर पाठवते."

मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तिने 'तू एकटी राहशील' हे ज्या आवाजात विचारलं होतं, तो आवाज मला सोडवेना. मनात म्हटलं, उद्या सांगू.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती 'दहा सेकंद'चे जुने भाग बघू लागली. घंटा असलेले, म्हणजे वर्षापूर्वीचे. असे चारेकशे भाग असतील. तिच्यासमोर तिच्या बाबांच्या काळातले भाग येऊ लागले, आणि आम्ही दोघी त्या खोलीत बसून तीच टाळ्यांची धून ऐकत होतो जी तेव्हा ऐकली होती. परिचारिका कुठेच नव्हती. सुईचे डोळे लाल व्हायचे. मी म्हणायचे, "सोड ना एक ओळ." ती म्हणायची, "सोडली तर बाकीच्यांचा काय भरवसा." आणि माझ्या आत एक बाई होती, जी ऐकून सुखावत होती. अजून नाही सापडली. अजून नाही गेली. त्या बाईची मला लाज वाटते, पण ती होती.

महिना संपायला सहा दिवस राहिले असताना घड्याळजीचा निरोप आला. "मी पाहिलं होतं, बुधवारी दुपारी, दुकानात. सांगायचं राहून गेलं. परिचारिकाच होती. सूत्रसंचालक डाव्या हाताने घंटा दाबत होता."

मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले. कारण त्याच्याखेरीज जगात मला एकटीलाच ठाऊक होतं की त्याने काही पाहिलेलं नाही. आणि मी ते कुणालाही सांगू शकत नव्हते. पण सुईला सांगावं लागलं नाही. तिने शाईचं पेन उघडलं, ओळीवर टेकवलं आणि थांबली. मग पुन्हा निरोप वाचला.

"डाव्या हाताने," ती म्हणाली.

"बरोबरच आहे ना?"

"त्याचं बरोबर कधी असतं? त्याला उजवा दिसायला हवा होता." तिने पेनाला टोपण लावलं. "त्याने बघितलं नाही, आई. त्या गॅलरीचं उतरवून काढलंय."

तिने त्याला फोन केला नाही. वहीच्या शेवटी साक्षीदारांची यादी आहे, त्यातल्या त्याच्या नावावर पट्टीने एक रेघ मारली. गटाला कळवलं की यापुढे घड्याळजीची साक्ष धरली जाणार नाही. सहा वर्षं एका रेघेत. हात जरासुद्धा हलला नाही. मी तिची आई आहे, मला त्या न हललेल्या हाताची भीती वाटली.

दोन दिवसांनी, ती कामावर असताना, घरच्या फोनवर त्याचा फोन आला.

"काकू, ती माझा फोन घेत नाही."

"हो," मी म्हटलं.

"मी खोटं लिहिलं हे खरं आहे. पण काकू, ती म्हणाली होती, ही ओळ लागल्याशिवाय यायची नाही. ती ओळ लागणारीच नव्हती. मीही सगळे जुने भाग पाहिले. कुणी तरी थापा मारल्यात. ती तिथेच बसून राहिली असती वर्षभर. म्हणून म्हटलं, मीच हो म्हणून टाकतो." त्याच्यामागे पुष्कळ घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, सगळी वेगवेगळी. "त्या गॅलरीवाल्या माणसाला काय मिळालं असेल हो असं करून?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

"तिला सांगाल का, मी फोन केला होता?"

"सांगते."

सांगितलं नाही. तो फोन ठेवल्यावर मी जिथे उभी होते तिथून हलले नाही. काही काही लोकांना खोटं बोलल्यावर झोप लागत नाही म्हणतात. मला उलट सारखी झोप येत होती. दुपारी चार वाजता, सकाळी अकरा वाजता, कधीही. जागं राहिलं की काहीतरी करावं लागलं असतं.

महिना संपला. पत्राला उत्तर गेलं नाही. मी विचारलं तेव्हा सुई म्हणाली, "त्या शहरात मी कुणाला ओळखत नाही."

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला मी तिला सांगितलं. मुदत संपून दोन दिवस झाल्यावर. मुद्दाम थांबले का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हेच उत्तर असावं.

आम्ही मटार सोलत होतो. मी म्हटलं, "ते गॅलरी नावाचं कुणी आहे ना, ती मी."

तिने शेंग खाली ठेवली. "म्हणजे?"

"निरोप मी पाठवला होता. परिचारिका नव्हती. काहीच नव्हतं. तू गप्प गप्प होतीस म्हणून."

तिला राग येईल, ती रडेल, असं मी धरून चालले होते. ती उठून वही घेऊन आली. पेन्सिल कानामागे.

"कुठल्या वेळी पाठवलास?"

"तीन वाजले असतील. कपडे घालत होते वाळत."

"आणि घंटा?"

"बाबांच्या वेळी होती ना."

"वर्ष झालं काढून. आता दिवा आहे. तू रोज माझ्या शेजारी बसून तो खेळ बघत होतीस, आई."

मी टीव्हीकडे बघत नसायचेच. मी तिच्याकडे बघत बसायचे.

"वाच," ती म्हणाली आणि माझा निरोप फोनवर काढून माझ्या हातात दिला. छापखान्यात करतात तसं. मी मोठ्याने वाचायचं आणि तिने वहीतल्या ओळीवर पेन्सिल फिरवायची. मी वाचलं. दहा सेकंद, स्वल्पविराम, बुधवार, स्वल्पविराम. तिने मला मधे थांबू दिलं नाही. पूर्णविरामापर्यंत वाचून घेतलं. मग त्या ओळीवर रेघ मारली, समासात तारीख घातली आणि खाली लिहिलं: नोंद खोटी, पाठवणारी आई. साक्षीदारांच्या यादीत गॅलरी कधी आलीच नव्हती, त्यामुळे तिथे खोडायला काही नव्हतं.

"घड्याळजीचा फोन आला होता," मी म्हटलं. "मी तुला सांगितलं नाही. त्याला कळव ना. चूक माझी होती."

"तुझी चूक तुझी. त्याने न बघता बघितलं म्हणून सांगितलं, ती त्याची."

"तुझ्यासाठी केलं त्याने."

"तूही माझ्यासाठीच केलंस," ती म्हणाली, आणि शेंग उचलून सोलू लागली. "तुम्ही दोघं माझ्यासाठी करत बसा. मी मधे बसते."

त्यानंतरचे तीन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. कुकर लावलाय. किल्ली टेबलावर आहे. मी संध्याकाळी तिच्या शेजारी बसायची थांबले. बसायचा हक्क गेल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे, तिथून टीव्ही अर्धा दिसतो आणि ती पूर्ण दिसते.

शनिवारी 'दहा सेकंद' लागलं होतं. मी कांदा चिरत होते. सूत्रसंचालक एका स्पर्धकाला विचारत होता की हवेच्या दाबाचा शोध कुणी लावला. तीन पर्याय शास्त्रज्ञांचे, आणि चौथा वाचताना तो स्वतःच हसला. "ड, पंपवाला." लोक हसले. स्पर्धक बिचारा म्हणाला, "ड नाही एवढं नक्की." तिथे संपलं. आठ महिन्यांनंतरची पहिली खरी फुस्स, चार सेकंदांची.

सुईने माझ्याकडे पाहिलं. आपोआप, जशी ती बाबांकडे बघायची तशी. मग नजर खाली वळवली. मी ऐकलं होतं, पाहिलं होतं, आणि माझं पाहिलेलं चालणार नव्हतं. नियमाने आधीही नसतंच चाललं, आता तर मुळीच नाही. तिने पेन्सिलीने ओळ लिहिली. 'हात' रकान्यात लिहिलं: उजव्या हाताने कानामागे खाजवत होता. मग गटाला विचारलं, कुणी पाहिलं का.

पाच मिनिटं गेली. शनिवारची संध्याकाळ, लोकांना घरदार असतं. एकाने लिहिलं, आमच्याकडे वीज नाही. दुसरीने लिहिलं, मी बाहेर आहे. खेळ संपला, जाहिराती लागल्या. सुई वही मिटायला निघाली.

तेवढ्यात फोन थरथरला. तिने निरोप वाचला, आणि मग, मला वाटतं तिने मुद्दाम केलं, मोठ्याने वाचला.

"मी पाहिलं. माझं धरत नाहीत हे माहीत आहे. तरी आपलं सांगतो, न सांगून करू काय. ड पर्याय. डाव्या हाताने कानामागे खाजवत होता."

मी सुरी खाली ठेवली. सुई फोनकडे बघत होती.

"डाव्या," मी म्हटलं.

"हो."

"काचेत बघितलंय त्याने."

तिने वही उघडली. समासात पूर्वीसारखा एक छोटा बाण काढला. पेनाचं टोपण काढून ती ओळ सावकाश गिरवायला घेतली, एकेक अक्षर. शेवटच्या पानावरची रेघ तिने खोडली नाही. रेघेच्या वर, बारीक अक्षरात, आजची तारीख घातली. एवढंच. ती तारीख म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

"सोमवारी छापखान्यात विचारून बघते," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ती जागा भरली का."

"भरली नसेल," मी म्हटलं.

तिने मान वर केली. ताटातून करते तशी. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. मनात दोन्ही होतं, एकदा सुलटं आणि एकदा उलटं.

"खरं सांग," ती म्हणाली.

"भरली असली तर मला बरं वाटेल," मी म्हटलं. "पण तू विचार. सकाळीच विचार."

ती मग म्हणाली, "कांदा जळतोय," आणि मी गॅसकडे धावले. कांदा अजून फळीवरच होता, चिरलेला. गॅस लावलेलाही नव्हता. मागे वळून पाहिलं तर ती शनिवारचा फोन कानाला लावून गॅलरीत निघाली होती, आणि जाताना तिने दार ओढून घेतलं.